वरच्या ओळीपर्यंत

"उशी अजिबात द्यायची नाही," इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी माझं मनगट धरलं. "रडेल, पाया पडेल, तरी नाही. मानेवरची नवी कातडी ओल्या चामड्यासारखी असते. जशी ठेवाल तशी वाळते. हनुवटी छातीकडे झुकली की तिथेच बसेल. तुम्ही आई आहात म्हणून मुद्दाम तुम्हालाच सांगतेय."

सुगंधा त्या वेळी बाजूच्या बाकावर बसून चपलेचा पट्टा लावत होती. तिनेही ते ऐकलं.

माझी ही मुलगी पाच महिने अकरा दिवस भाजलेल्यांच्या वॉर्डात होती. १९८४च्या जानेवारीत आम्ही तिला घाटकोपरला, पंतनगरच्या आमच्या दोन खोल्यांत परत आणलं. दुसऱ्या मजल्यावर ती स्वतःच्या पायांनी चढली. वर आल्यावर स्वयंपाकाच्या ओट्याकडे पाहून थबकली. तिथे गॅसची शेगडी होती. सहा वर्षं नंबर लावून ठेवलेला तो गॅस नोव्हेंबरात आला, ती इस्पितळात असताना.

"आला वाटतं," ती म्हणाली. "बरी वेळ साधली."

भाजली त्या दिवशी श्रावणातला सोमवार होता. ती ड्युटीवरून आली होती. मी दळण आणायला खाली गेले होते. सोमवार सोडायचा म्हणून तिने साडीही न बदलता स्टोव्हला पंप मारला. अंगावर नायलॉनची साडी. धुवायला सोपी, इस्त्री नको, म्हणून ड्युटीला तीच असायची. भडका उडाला. ह्यांनी सतरंजी टाकून विझवलं तोवर उजवा गाल, मान, काख आणि दंड गेला होता. मांडीची कातडी काढून तिकडे लावली, दोनदा.

पोलीस हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा त्याने मला व्हरांड्यात नेऊन विचारलं, "लग्न ठरलं होतं का? मोडलं का?" बावीस वर्षांची मुलगी भाजली की स्टोव्हवर कोणाचा विश्वास बसत नाही. घरी भेटायला येणाऱ्या बायकांच्या मनातही तेच असायचं. त्या शहाळं आणायच्या, डोळ्यांना पदर लावायच्या आणि जाताना जिन्यात मला हळूच विचारायच्या. शेजारच्या शांताबाईंनी मात्र तिच्याच तोंडावर विचारलं. शांताबाई कुडाळकडच्या, साठीच्या. त्यांच्या जिभेला हाड नाही म्हणून मी त्यांना जरा टाळायचीच.

"बाय माझे, काय ह्या होऊन बसला! खरा सांग, पोरगो-बिरगो नाय ना होतो खयचो? मी कोणाक सांगूचंय नाय."

"तुम्ही नाही सांगणार?" सुगंधा म्हणाली. "मावशी, मग मी सांगून काय फायदा?"

शांताबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आमच्या घरात सहा महिन्यांत कोणी हसलं नव्हतं.

ती अशीच होती. शाळेत फार हुशार नाही. अकरावीला गणितात एकदा आपटली. मी बी.ए. झालेली, माझी मुलगी निदान पदवीधर व्हावी अशी माझी इच्छा. तिने टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला आणि विसाव्या वर्षी विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात बोर्डावर बसली. मला ते फारसं रुचलं नव्हतं. पण पहिल्या महिन्यातच तिथल्या लोकांना तिचा आवाज ओळखता यायला लागला. गेटवरचे, स्टोअरवाले, फाउंड्रीतले, ज्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं, ते "सुगंधाबाई, जरा लवकर लावा ना" म्हणायचे. रात्री जेवताना ती साहेब लोकांच्या नकला करायची. कोणता साहेब बायकोशी बोलताना कुजबुजतो, कोणता ट्रंक कॉल लागला की उभा राहतो, सगळं तिला आवाजावरून कळायचं. ह्यांना घास गिळवत नसे इतकं हसू यायचं. मी दटावायची, "कोणाचं बोलणं ऐकू नये." ती म्हणायची, "ऐकत नाही गं, कानात येतं ते."

वनमाला तिची जोडीदारीण. दोघी पाळीने बोर्ड सांभाळायच्या. ती फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आली. आल्यावर रडली नाही, सरळ कामाचं बोलली.

"हे बघ, तुझ्या जागी मालन म्हणून एक पोरगी टेंपररी घेतलीय. एकतीस मार्चपर्यंत तुझी जागा धरून ठेवतील. साहेब म्हणाला, बोर्डावर तोंड कोण बघतंय, हात चालला की झालं. त्याच्या आधी येऊन बोर्ड चालवून दाखवायचा."

"हात चालतोय ना." सुगंधाने उजवा हात वर केला. तो खांद्याच्या रेषेत येऊन थांबला. काखेतली कातडी दोरीसारखी ताणली होती.

वनमाला बघत राहिली. "वरची ओळ," ती म्हणाली.

मला समजेना. मग तिने समजावलं. बोर्ड कपाटाएवढा असतो, त्यावर भोकांच्या ओळी. खाली डिपार्टमेंटं, सगळ्यात वर बाहेरच्या लाइनी आणि मोठे साहेब. डावा हात चाव्यांवर, म्हणजे खालच्या खटक्यांवर ठेवायचा, उजव्या हाताने प्लग उचलून भोकात घालायचा, आणि सगळं बसल्या जागी. त्या जागेवाचून सुगंधाला दुसरी नोकरी कोण देणार होतं? दुकानात, ऑफिसात, शाळेत, सगळीकडे चेहरा लागतो. तिला हे आमच्याआधी कळलेलं होतं.

पुढच्या रविवारी वनमालाने सुतळी मोजून आणली. एक गाठ खुर्चीच्या उंचीची, दुसरी जमिनीपासून वरच्या ओळीपर्यंतची. आमचं स्टूल बुटकं पडलं म्हणून त्यावर पाट ठेवला. ह्यांनी ऑफिसातून आणलेली लाल-निळी पेन्सिल होती. दुसरी गाठ जिथे आली तिथे वनमालाने भिंतीवर लाल रेघ ओढली. सुगंधाने स्टुलावर बसायचं, बोटं भिंतीला टेकवायची आणि कोळ्यासारखी वर वर चढवायची, जिथे थांबतील तिथे मी निळी रेघ ओढायची. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी वीस चढ. शिवाय खोबरेल तेलाने चोळणं, आणि झोपताना खांद्यांखाली चादरीची वळकटी घालून मान मागे टाकून पडणं.

हे लिहायला सोपं आहे. कातडी ताणली की ती पांढरी पडायची, कडेला चिरायची, बारीक रक्त यायचं. सुगंधा आकडे मोजायची. बारा-तेरापर्यंत आकडे असायचे, पुढे नुसता आवाज. ह्यांना ते पाहवत नसे. व्यायामाची वेळ झाली की हे खाली जाऊन चौकात उभे राहायचे. मी घरातले आरसे काढून ट्रंकेत, जुन्या शालूच्या घडीखाली ठेवले होते. तिने कधी मागितले नाहीत.

पहिल्या दोन आठवड्यांत निळी रेघ भराभर वर सरकली. लाल रेघेच्या खाली चार बोटांवर आली आणि थांबली.

त्याच सुमाराला मी उशी दिली.

ती मागायची रोजच. वळकटीवर मान टाकून पडलं की मानेची कातडी तिला रात्रभर ओढायची. त्या दिवशी ती मागण्याच्याही पलीकडे गेली होती, नुसती कण्हत होती. माझी स्वतःची उशी, शेवरीच्या कापसाची, मऊ, मी तिच्या डोक्याखाली सरकवली. म्हटलं, डोळा लागेपर्यंत. तिचा डोळा लागला आणि मला ती काढवेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ह्यांनी सकाळी उशी पाहिली आणि पेपर उघडला. आठवड्याभरात वळकटी कपाटात गेली.

महिन्याच्या तपासणीला गेलो तेव्हा व्यायामाच्या बाईंनी तिच्या मानेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"उशी देताय?"

"नाही," मी म्हटलं.

सुगंधा खाली बघत होती. तिची मान आता तशीच असायची.

रेघ मात्र हलेना. आठ दिवस मी एकावर एक निळ्या रेघा ओढल्या, जाडच होत गेल्या. मान वर होत नसल्यामुळे भिंतीला टेकून बसली की तिला स्वतःची बोटं दिसत नसत. ती विचारायची, "किती?" मी म्हणायची, "कालच्याइतकीच." ती स्टुलावरून उतरायची, मागे सरून भिंतीकडे बघायची आणि मग जेवायची नाही.

ती लहान असताना दर वाढदिवसाला मी दाराच्या चौकटीला तिला उभी करून उंचीची खूण करायची. ती हळूच टाचा उचलायची. मी पाहून न पाहिल्यासारखं करायची आणि खूण तिथेच ओढायची. चौकटीवर त्या खुणा अजून आहेत. सातव्या वर्षीची खूण आठव्या वर्षीच्या वर आहे. आम्ही तिघंही त्याला हसत आलो.

नवव्या दिवशी तिची बोटं थांबली त्याच्या अर्धं बोट वर मी रेघ ओढली.

ती मागे सरली. पाहिलं. "आई! अगं, हलली!" त्या दिवशी ती दोन भाकऱ्या जेवली. रात्री फाउंड्रीच्या फोरमनची नक्कल केली, कित्येक महिन्यांनी. हे हसता हसता रडले. मी स्वतःला म्हटलं, खोटं कुठे आहे, उद्या हात तिथे पोचेलच. दुसऱ्या दिवशी हात होता तिथेच होता. मग कालच्या रेघेच्या खाली कशी ओढणार? मी पुन्हा वर ओढली. पंधरा मार्चला निळी रेघ लाल रेघेला लागली. हे पेढे घेऊन आले. कोणालाच न सांगता मी रोज देवापुढे उभी राहून सांगत होते की बोर्ड चालवून दाखवायच्या दिवसापर्यंत मला खरी कर.

वीस मार्चला आम्ही दोघी विक्रोळीला गेलो. बसमध्ये ती खिडकीशी उजवी बाजू करून बसली, पदर कानावरून घेतला. कारखान्याच्या गेटवर रखवालदाराने आम्हाला अडवलं, पास मागितला. सुगंधा म्हणाली, "मामा, ऑपरेटर आलीय." आवाज ऐकून तो उठून उभाच राहिला. मग त्याने चेहऱ्याकडे पाहिलं आणि रजिस्टरात तोंड घातलं.

बोर्डाची खोली लहान, खिडकी नसलेली. वनमाला होती, साहेब होते. बोर्डावर मालन बसली होती, एकोणीसेक वर्षांची, दोन वेण्या घातलेली. ती उठली, कानाला लावायचं यंत्र आपल्या रुमालाने पुसून सुगंधाच्या हातात दिलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिच्याही पोटाचा प्रश्न होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

सुगंधा बसली. "ऑपरेटर," म्हणाली. खालच्या ओळी तिने अशा झरझर लावल्या की वनमालाने मला चिमटा काढला. कुठल्यातरी लाइनीवरून मोठ्याने आवाज आला, आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "सुगंधाबाई? अहो, होता कुठे इतके दिवस?"

"रजेवर," ती म्हणाली. "कोण हवंय बोला."

मग वरच्या ओळीतली, कॉल आल्याची खूण असलेली छोटी झडप पडली. तिने प्लग उचलला. हात वर गेला, गेला, आणि थांबला. वरच्या ओळीच्या दोन ओळी खाली. मान खाली, त्यामुळे हात कुठे थांबलाय ते तिला दिसत नव्हतं. ती भोक चाचपत होती, आणि बोटांखाली भलतंच भोक येत होतं.

"वर, अजून वर," वनमाला कुजबुजली.

"तिथेच आहे ना?" सुगंधा म्हणाली. "घरी पोचतो तिथे."

ती खुर्चीतून अर्धवट उठली. प्लग लागला. पण उठताना डावा हात चाव्यांवरून सुटला, कानावरचं यंत्र ओढलं गेलं आणि चालू असलेले दोन्ही कॉल तुटले.

साहेब भला माणूस. "ताई, दिवसाला चारशे कॉल असतात," एवढंच म्हणाला. "पूर्ण बरं व्हा आधी. मग बघू."

सुगंधाने यंत्र काढून मालनला दिलं. मग ती वळून माझ्याकडे पाहायला लागली. मान वर होत नसल्याने तिला खालून, कपाळाच्या आडून पाहावं लागतं. तसं पाहत राहिली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आरसा दे."

"कशाला आता..."

"आई, आरसा."

मी ट्रंक उघडली. ह्यांचा दाढीचा लहान आरसा काढून दिला. तिने स्टुलावर पाट ठेवला, बसली, उजवी बोटं भिंतीवरून चढवली. थांबली. डाव्या हाताने आरसा डोळ्यांसमोर तिरका धरला आणि त्यात वरची भिंत पाहिली. बोटं होती जाड निळ्या रेघेवर, चार बोटं खाली. वरच्या माझ्या सगळ्या रेघा मोकळ्या होत्या.

तिने बराच वेळ तसाच हात ठेवला. मग आरसा हातात कलला आणि तिला तिचा चेहरा दिसला. भाजल्यापासून पहिल्यांदा. तिने तो पाहिला, सगळा पाहिला, आणि आरसा मांडीवर पालथा ठेवला.

"कधीपासून?"

"पंधराएक दिवस," मी म्हटलं. "तू जेवत नव्हतीस."

"हो."

"मला वाटलं, पोचेल."

"उशीपण नव्हती ना द्यायची?"

मी म्हटलं, "तू मागत होतीस गं."

"मी मागणारच ना." तिचा आवाज चढला नाही. बोर्डावर बोलायची तसाच होता, स्वच्छ. "मला दुखत होतं, मी मागत होते. तू द्यायची नव्हतीस."

हे दारात उभे होते. ऑफिसची पिशवी हातातच. ते पुन्हा खाली गेले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कारखान्याचं पत्र आलं, जागा मालनला दिल्याचं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मान पाहिली. कातडी पुन्हा कापून मोकळी करावी लागेल, जूनमध्ये, परत मांडीची घेऊन. काखेचं व्यायामाने होतं का पाहू, नाहीतर तीही. "उशी कोणी दिली?" त्यांनी विचारलं. या वेळी मी म्हटलं, "मी." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. व्यायामाच्या बाई तिथेच होत्या. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते सगळं सुगंधाला सांगितलं.

घरी आल्यावर तिने ओल्या फडक्याने भिंतीवरच्या माझ्या रेघा पुसल्या. पेन्सिल नीट पुसली जात नाही, निळसर डाग राहिला. लाल रेघ तिने ठेवली. माझी उशी तिने माझ्या गादीवर आणून ठेवली आणि वळकटी काढली. मग गॅलरीत जाऊन हाक मारली, "शांतामावशी, रोज दहा मिनिटं मोकळ्या असता का?"

मी म्हटलं, "त्या कशाला? सगळ्या कॉलनीत सांगत फिरतील."

"फिरू देत," ती म्हणाली. "बघतील ते सांगतील ना."

आता व्यायामाच्या वेळी मला आत जायची बंदी आहे. तिने दार लोटून घेतलेलं असतं. हे चौकात आणि मी गॅलरीत, असे आम्ही दोघं दोन ठिकाणी उभे असतो. आतून आकडे ऐकू येतात. एक ते बारा, तेरा. तिथून पुढे नुसता आवाज. कठड्याची लोखंडी सळई मी घट्ट धरून ठेवते, कारण न धरली तर दार ढकलून आत जाईन. वीस झाले की थोडी शांतता, पेन्सिलीचा खरखर आवाज, आणि मग शांताबाई आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात,

"नाय गो. हात कालच्याच जाग्यार आसा."

"बरं," सुगंधा म्हणते. "पेन्सिल परत धरा."